आठल्येकाकांची तटस्थता

पत्रकं वाटणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. लोक पत्रक घेतात, पण वाचत नाहीत. चंडीगडच्या सेक्टर बावीसच्या बाजारात माझ्या पत्रकांत शेंगदाणे बांधले गेले आहेत, त्यांनी स्कूटरच्या सीटा पुसल्या गेल्या आहेत, आणि बस स्टँडसमोरच्या एका गाडीवाल्याने तर माझ्याच हातात माझ्याच पत्रकावर गरम भटुरा ठेवला होता. हे सगळं मी सोसलं. पण वाटलेलं पत्रक तपासून परत देणारा माणूस तोवर भेटला नव्हता.

ते आठल्येकाका. पन्नाशीतले, किडकिडीत, पँटच्या पायाला चिमटा लावलेला, हातात सायकल. पत्रक घेऊन ते समोरच्या बाकावर बसले आणि वीस मिनिटांनी ते माझ्या हातात ठेवून निघालेसुद्धा. पत्रक हिंदीत होतं. समासात लाल पेन्सिलीने मराठीत शेरे होते. ‘कशावरून?’ ‘तारीख?’ ‘हे आपण पाहिलं की ऐकलं?’ शेवटी मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की परिवर्तन अटळ आहे. त्याखाली शेरा होता : ‘अटळ असल्यास पत्रकाची आवश्यकता नाही.’

मी धावत जाऊन त्यांना गाठलं. मला भांडायचंच होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच : “मी मराठी आहे हे तुम्हांला कसं कळलं?”

“तुमचं हिंदी वाचून,” ते म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून गेले.

पुढे कळलं की ते बाबांच्या ओळखीचे निघतात. चंडीगडात मराठी माणसं तेव्हा मोजकी. कुणी हवाई दलात, कुणी लष्करात, बाकीचे आमच्या बाबांसारखे केंद्र सरकारच्या बदलीवर आलेले. तीन वर्षं काढायची, लोकरीचे कपडे ट्रंकेत भरायचे आणि पुढच्या गावी जायचं. आठल्येकाका त्यांतून मागे राहिलेले. रत्नागिरीकडचे, कायद्याचे पदवीधर. शहर दोन राज्यांत वाटायचा घोळ सुरू झाला, त्या सुमाराला आले आणि इथेच टिकले. सचिवालय असलेल्या कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या एका खात्यात ते कायदेशीर अभिप्राय देणारे अधिकारी होते. खात्याचं नाव मी लिहीत नाही. तशी त्यांची अट होती आणि माझ्यासारखीने पाळलेली ती बहुधा एकमेव अट असावी.

“तटस्थ माणसाला राहायला या गावासारखी जागा नाही,” ते म्हणत. “दोन राज्यांची राजधानी आणि दोघांपैकी एकाचीही नाही. इथली हवासुद्धा कुणाची बाजू घेत नाही.”

तटस्थता हा त्यांचा धर्म होता. महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या वर्गणीवरून दोन तट पडले, तर काका दोन्हीकडच्या आरत्यांना जात आणि दोन्हीकडे प्रसाद न घेता परतत. मला याचा संताप येई. मी त्या वेळी बावीस वर्षांची होते आणि जगात दोनच बाजू आहेत हे मला पक्कं माहीत होतं.

पण या धर्माची पोथी मात्र विलक्षण होती. सिमल्याच्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी वजनावर चार जाडजूड खंड आणले होते. कुणा गोऱ्या साहेबाच्या कपाटातले असावेत. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन यादवी युद्धातला पत्रव्यवहार त्यांत छापला होता, तोही लढायांचा नव्हे. तटस्थ इंग्लंडच्या गोद्यांत बांधल्या गेलेल्या लढाऊ जहाजांवरून लंडनमध्ये जी लेखी लढाई झाली, तिचा. काका दहा वर्षं हे वाचत होते आणि त्यावर मराठीत पुस्तक लिहीत होते. एका प्रकाशकाने विचारलं होतं म्हणे, की यात शिवाजी महाराजांचं आरमार कुठे येतं? येत नाही, असं काकांनी एका ओळीत कळवलं आणि तो विषय संपला.

दर रविवारी मी त्यांच्याकडे पत्रक तपासून घ्यायला जाऊ लागले. सुमतीकाकू आमसुलाचं सार करत, काका विशेषणं छाटत, आणि मध्येच जहाज निघे.

“अगो, अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांची जुंपलेली. दक्षिणेकडे कापूस आहे, गुलाम आहेत, आरमार नाही. त्यांनी काय केलं? इंग्लंडात माणूस पाठवला आणि लिव्हरपूलजवळच्या गोदीत जहाज बांधायला टाकलं. इंग्लंड तटस्थ. लढणाऱ्याला लढाऊ जहाज सज्ज करून द्यायचं नाही, असा त्यांचाच कायदा. तर गोदीवाले म्हणतात, आम्ही लढाऊ कुठे बांधतोय? नुसतं जहाज बांधतोय. नंबर दोनशे नव्वद. तोफा आहेत का बघा. एक तरी दाखवा!”

“आणि तोफा?”

“त्या दुसऱ्याच जहाजातून गेल्या. भर समुद्रात, दूरच्या बेटांपाशी दोन्ही जहाजांची गाठ घालून दिली. कायद्याला बैलगाडी जाईल एवढं भोक, त्यातून त्यांनी जहाज नेलं.”

“सगळ्यांना माहीत होतं ना पण?”

“बंदरातल्या हमालालासुद्धा. माहीत असणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं. तुझी सगळी पत्रकं या एका वाक्यात बुडतात.”

त्यांच्या गोष्टीचा नायक मात्र एक साधा कॉन्सुल, म्हणजे वाणिज्यदूत, होता. लिव्हरपूलला उत्तरेच्या बाजूने बसलेला. तो खलाशी गाठी, सुतार गाठी, त्यांच्याकडून शपथेवर जबान्या घेई आणि लंडनला आपल्या राजदूताकडे पाठवी. राजदूत त्या जबान्या इंग्लंडच्या परराष्ट्रखात्याकडे नेई. खातं म्हणे, पुरावा अपुरा आहे. कॉन्सुल आणखी जबान्या आणी. शेवटी एका नामांकित वकिलाचं मत जोडलं गेलं की हे जहाज अडवलंच पाहिजे. मग कागद सरकारच्या कायदेपंडिताकडे अभिप्रायाला गेले.

इथे काका चष्मा काढत. हा त्यांचा आवडता अंक.

“आणि पंडित आजारी! मेंदूचा आजार. घरात पडून. बायकोला म्हणे आजार लपवायचा होता. कागद पाच दिवस त्याच्या घरी पडून राहिले. तोवर इकडे जहाजाची चाचणी आहे असं सांगून पाहुणे बोलावले, बायकामाणसं आली, खाणंपिणं झालं. संध्याकाळी पाहुणे छोट्या बोटीतून परत आले आणि जहाज गेलं ते गेलंच. अडवायचा हुकूम मागाहून पोचला. पुढे त्या एका जहाजाने उत्तरेची साठाहून जास्त व्यापारी जहाजं धरली, बहुतेक जाळली.” मग ते मांडीवर थाप मारत. “माणूस आजारी पडला, मान्य. कागद आजारी पडले होते काय?”

काकू आतून म्हणत, “पुरे झालं ते. त्याच्या बायकोला काय भोगावं लागलं असेल, ते लिहिलंय का तुमच्या खंडात?”

“तिने जबानी दिलेली नाही,” काका म्हणत.

मी माझं पत्रक सेक्टर बावीसच्या मागच्या गल्लीत संधूजींच्या छापखान्यात छापत असे. एकदा मला तिथेच ओली शाई असलेली एक नोटीस दिसली. ज्या ठेकेदाराविरुद्ध आमची छोटी संघटना बोंब मारत होती त्याचीच. मी संधूजींवर तुटून पडले. ते शांतपणे छपाईचे खिळे जुळवत म्हणाले, “बेटा, मैं छापता हूँ, पढ़ता नहीं।” मी तणतणत काकांकडे आले, तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“तुझा सरदारजी म्हणजे लिव्हरपूलचा गोदीवाला की गो! फक्त जहाज बांधतो, तोफा नाही.”

“मग बहिष्कार घालायचा त्याच्यावर.”

“घाल. पण तो ठेकेदाराचं छापतो म्हणून तुझंही छापतो. एकदा का तो बाजू घ्यायला लागला, तर कुणाची घेईल असं तुला वाटतं?”

 मी त्यांना भेकड म्हणाले. त्यांनी माझ्या वाटीत आणखी सार वाढलं.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मुल्लानपूरच्या रस्त्यालगत मजुरांची एक वस्ती होती. चौसष्ट घरं. राजस्थानातून आलेले गवंडी, विटा वाहणाऱ्या बाया. हे देखणं शहर ज्यांनी डोक्यावरून वाहिलं, ते लोक शहराच्या नकाशात नव्हते. त्यांना हटवायचं ठरलं होतं. हटवण्याआधी दुसरी जागा देऊ, असं एक जुनं सरकारी पत्र वस्तीकडे होतं. भंवरी नावाच्या बाईने ते तांदळाच्या डब्यात जपून ठेवलं होतं. ते पत्र बंधनकारक आहे की नाही, यावर सगळं अडलं होतं. फाईल कायदेशीर अभिप्रायासाठी कुठेतरी गेली होती.

आमची संघटना म्हणजे आम्ही सात जण. बाबांची बदली झाली तरी मी तिच्यासाठी इथेच राहिले होते. मी त्या फाईलच्या मागे कचेरीकचेरीत हिंडले. “साब के पास है।” कौन से साब? “बड़े साब।” याहून जास्त कुणी सांगेना. काकांना विचारलं तर ते म्हणाले, “फाईलबद्दल मी घरातसुद्धा बोलत नाही. आणि तू तर घरातलीही नाहीस.” मला तो उद्धटपणा वाटला.

फाईल त्यांच्याकडेच होती.

कचेरीत सही होते, विचार घरी होतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून महत्त्वाची फाईल ते कापडात बांधून सायकलच्या कॅरिअरला लावून घरी आणत. तशी ती एका शुक्रवारी आणली. रात्रीतून अडीच पानं लिहिली. शनिवारी सकाळी हिवताप चढला. त्या वर्षी घरोघरी होता, पण काकांच्या डोक्यातच गेला. डॉक्टर म्हणाले, कागदाला हात लावू देऊ नका. काकूंनी टेबलावरचं सगळं उचलून लोखंडी ट्रंकेत घातलं आणि किल्ली कमरेला लावली. कचेरीतून शिपाई दोनदा आला. “साहेब झोपलेत,” काकूंनी दोन्ही वेळा सांगितलं. त्यांना कुठे ठाऊक, की फाईलवर एक ओळ आहे : विहित मुदतीत अभिप्राय न आल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल.

बुधवारी मी मोसंबी घेऊन गेले. खोलीत एकच खुर्ची, तिच्यावर काकू. मी ट्रंकेवर बसले. तिथे बसून मोसंबी सोलता सोलता मी काकूंना माझं रडगाणं ऐकवलं, की उद्या मुदत संपते आणि ती फाईल काही सापडत नाही. काकांनी डोळे उघडले. ते तापाने लाल झाले होते.

“कागद काढा,” ते म्हणाले. “सही राहिली. आजच पोचायला पाहिजे.”

काकूंनी कपाळावरची पट्टी बदलली. “बघ, कालपासून हेच. लंडनला निघालेत.”

मी त्यांचा हात हातात घेतला आणि लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, “काका, ते जहाज केव्हाच गेलं. शंभर वर्षं झाली.”

त्यांनी उठायचा प्रयत्न केला. आम्ही दोघींनी त्यांना धरून झोपवलं. आम्हांला वाईट वाटत होतं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं हसूही येत होतं. दुसऱ्या कुठल्याही घरात एखादा अधिकारी तापात कागद कागद करू लागला असता, तर कुणीतरी टेबल तपासलं असतं. या घरात बारा वर्षं जहाज नांगरून पडलं होतं.

पुढच्या सोमवारी सकाळी वस्ती पाडली. दुपारपर्यंत तिथे फक्त विटांचे ढीग आणि उलटे पडलेले हंडे होते. भंवरी ते पत्र हातात धरून प्रत्येक शिपायाला दाखवत होती. एकाने ते वाचलं, नीट घडी घालून परत दिलं आणि तिचं छप्पर ओढलं.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. कुणाकडूनही तपासून घेतलं नाही. ‘कुठल्याशा खुर्चीवर झोपलेल्या अधिकाऱ्याने चौसष्ट घरं गिळली.’ विशेषणं भरपूर होती. संधूजींनी छापलं. या वेळी त्यांनी ते वाचलं असावं, कारण खिळे जुळवताना त्यांचा हात एकदा थांबला.

आठवड्याने काकूंचा निरोप आला. काका उशीला टेकून बसले होते, गालफडं बसलेली. मांडीवर माझं पत्रक, त्यावर लाल पेन्सिल फिरलेली.

“तथ्यांत दोन चुका आहेत,” ते म्हणाले. “‘झोपलेल्या’ चूक. आजारी होता. आणि ‘कुठल्याशा’ चूक. नाव माहीत असताना असं मोघम लिहू नये.”

‘कुठल्याशा’ या शब्दावर काट होती. वर त्यांच्या बारीक, उभट अक्षरांत त्यांचं पूर्ण नाव आणि हुद्दा होता.

मला काही कळेना. मग काकूंनी ट्रंक उघडून ती फाईल माझ्यासमोर ठेवली. अडीच पानं. वर शुक्रवारची तारीख. शेवटचं पूर्ण वाक्य : ‘सबब पर्यायी जागा दिल्याखेरीज सदर वस्ती हटवता येणार नाही.’ खाली सहीची जागा कोरी.

“नवीन छापून घे,” काका म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मला एक नाव वगळावंसं वाटलं. मी काहीबाही बोलू लागले, की तुमचा हेतू चांगला होता, यंत्रणाच अशी आहे, व्यक्तीला दोष देऊन काय होणार. माझ्या तोंडून! सहा वर्षं मी व्यक्तींना दोष देत आले होते.

“बाकीच्यांची नावं छापलीस, तेव्हा त्यांच्या हेतूची चौकशी केली होतीस?” त्यांनी विचारलं.

“नव्हती.”

“मग माझी सवलत कसली? आमसुलाच्या साराची?”

काकू एकदम म्हणाल्या, “निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. क्वार्टर जाईल. पेन्शन जाईल. आणि फाईल ट्रंकेत मी ठेवली, शिपायाला मी परत पाठवलं. मग घाला की माझं नाव!”

“तू खात्याची नोकर नाहीस.”

“मी तुमची तरी आहे का कोणी?”

 काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांडी घासण्याचा आवाज येत राहिला. घासायला त्या वेळी भांडी नव्हती.

शेवटी नवं पत्रक मी छापलं नाही, कारण काकांनीच बेत बदलला. पत्रकाचा उपयोग नाही, म्हणाले, त्यात नाव असलं तरी तो पुरावा होत नाही. प्रतिज्ञापत्र हवं. खात्याचं म्हणणं असं होतं, की हरकत आली नाही म्हणजे नव्हतीच. मुदतीच्या आत हरकत लिहिली गेली होती, हे शपथेवर सांगू शकणारा माणूस जगात एकच होता. वस्तीच्या वकिलाकडे तो स्वतः सायकलने गेला. अंगात अजून ताकद आली नव्हती.

त्याआधी ते मला घेऊन वस्तीच्या जागेवर गेले. काही कुटुंबं विटांच्या ढिगांशेजारीच पालं टाकून होती. काकांनी भंवरीला नमस्कार केला आणि आपल्या रत्नागिरीच्या हिंदीत सगळं सांगितलं. फाईल, ताप, ट्रंक. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बुखार तो सबको आता है, बाबूजी,” ती म्हणाली. “हमको आता है तो ठेकेदार उसी दिन दूसरा आदमी लगा लेता है।”

ती काही टोमणा मारत नव्हती. तिला जे माहीत होतं ते तिने सांगितलं. परतताना काका सायकल हातात धरून अर्धा रस्ता चालत आले. “मी दुसरा माणूस लावला नाही,” एवढंच मध्ये एकदा म्हणाले. त्या रात्री त्यांनी त्यांच्या पुस्तकातलं आजारी पंडितावरचं प्रकरण काढून टाकलं. मला वाटलं, आता ते त्या बिचाऱ्याला माफ करतील. नवं प्रकरण मी वाचलंय. त्यातून चेष्टा गेली होती, माफी आली नव्हती. आजाराबद्दल दोन आदराची वाक्यं होती आणि मग सरळ लिहिलं होतं, की अंगात ताप भरतोय हे कळलं, त्या तासाला कागद दुसऱ्याच्या हाती द्यायला हवे होते. त्याच्या बायकोवरही एक परिच्छेद होता. तो काकूंनी सांगून लिहवून घेतला असावा, कारण त्यात काकांना न शोभणारी तीन विशेषणं होती.

कोर्टात सरकारी वकील भला माणूस होता. त्याने काकांना सुटकेची वाट अगदी सजवून दिली. “आपण गंभीर आजारी होता. शुद्धीत नव्हता. मग यात आपला दोष तो काय?”

हो म्हटलं असतं तर काका सुटले असते, आणि कुणाचाच दोष नाही म्हणून खातंही सुटलं असतं. मी मागच्या बाकावर काकूंचा हात धरून बसले होते. 

“आजार माझा होता,” काका म्हणाले. “फाईल वस्तीची होती.”

त्यानंतर काकांची खातेनिहाय चौकशी झाली. ते निलंबित झाले, निवृत्तिवेतनाला कात्री लागली, क्वार्टर सोडावं लागलं. मंडळातल्या दोन्ही तटांनी त्यांना आरतीला बोलावणं बंद केलं. बारा वर्षांत त्या दोन तटांचं एकमत झालेला तेवढाच प्रसंग. आणि खात्याने कोर्टात जे निवेदन दिलं त्यात ‘घडल्या प्रकाराबद्दल खेद’ होता. कुणाला, कशाचा, ते नव्हतं. काका मात्र खूश झाले. “अगदी हेच! इंग्लंडनेही तहात हेच लिहिलं. जहाज निसटल्याचा खेद वाटतो. कोणामुळे, ते विचारू नका. दहा वर्षांनी जिनिव्हाला पंच बसले तेव्हा भरपाई द्यावी लागली.”

“पण मधल्या काळात ते काही शिकले का?”

“शिकले तर. वर्षभराने तिथेच दोन चिलखती जहाजं बांधून होत आली. कागदोपत्री म्हणे इजिप्तच्या पाशासाठी. या वेळी सरकारने वेळेत अडवली आणि शेवटी स्वतःच विकत घेतली. सरकारं शिकतात गो. फक्त पहिल्या खेपेला ज्यांची जहाजं जळाली, त्यांना त्या शिक्षणाचा उपयोग नसतो.”

दोन वर्षांनी निकाल लागला. पाडापाडीच्या दिवशी वस्तीत असलेल्या चौसष्ट कुटुंबांना पर्यायी जागा द्या, गैरहजर असतील त्यांच्या जागा तीन वर्षं राखून ठेवा. मी निकालाची प्रत घेऊन धावत त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेले. सामान बांधलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते दोघं रत्नागिरीला निघायचे होते. मी पेढे नेले होते. आमच्या संघटनेने आजवर जिंकलेली ही एकमेव लढाई होती.

काकांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

“हजर किती आहेत?”

“एक्केचाळीस.”

“म्हणजे तेवीस नाहीत. कुठे गेले?”

“भट्ट्यांवर असतील. काही लुधियानाकडे, काही परत गावी. कुणाला माहीत, काका.”

“कुणाला माहीत, हे पत्रकातलं उत्तर झालं,” ते म्हणाले. “नावं आहेत ना कोर्टाच्या कागदांत? मग शोध.”

स्टेशनवरही काकांनी तेच सांगितलं. काकू मात्र रडल्या. इतकी वर्षं ज्या गावाला त्यांनी कोरडं म्हणून नावं ठेवली, त्याच्यासाठी रडल्या.

मग दर महिन्याला रत्नागिरीहून पोस्टकार्ड येऊ लागलं. मजकूर एक ओळीचा. ‘किती राहिले?’ खाली सही. मी उत्तर लिहीत असे : वीस. पुढे सतरा. पुढे चौदा. मध्ये चार महिने चौदावरच अडले, तेव्हा त्यांनी मला एक पानभर पत्र पाठवलं. वीटभट्टीवर हजेरीचा मुकादम असतो, त्याची वही कशी मागायची, आपण कोण म्हणून सांगायचं, खोटं न बोलता ती कशी मिळवायची, हे सगळं त्यात होतं. त्यांचा कॉन्सुल असंच करत असे, असं शेवटी लिहिलं होतं. मी केलं. एका महिन्यात पाच कुटुंबं सापडली. पत्रकं वाटून मी सहा वर्षांत पाच माणसंही हलवली नव्हती.

मागच्या महिन्यात कार्ड आलं ते काकूंच्या अक्षरात. काका गेले. त्रास फारसा झाला नाही. खाली त्यांनी लिहिलं होतं : ‘शेवटचे दोन दिवस तुझ्या पत्राची वाट बघत होते. ते आलं नाही. मग मीच सांगितलं, तिचं पत्र आलं, सगळे सापडले. बरं म्हणाले आणि झोपले. मी त्यांच्याशी खोटं बोलले. आता ते खरं कर.’

माझं पत्र दोन दिवस उशिरा पोचलं होतं. त्यात आकडा सहा होता.

तेव्हापासून एक कुटुंब मिळालंय, अंबाल्याजवळ. भंवरी आता माझ्याबरोबर असते, कारण मला त्या लोकांचे चेहरे ठाऊक नाहीत, तिला आहेत. उद्या सकाळच्या बसने आम्ही दोघी खरड गावाकडच्या भट्ट्यांवर जातोय. पाच राहिलेत. मुदत संपायला आठ महिने आहेत.